खासदार फुटतो, वॉर्ड फुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा: २०१९ मध्ये ब्रिटनमधले ११ खासदार आपापले पक्ष सोडून बाहेर पडले, आम्ही मध्यममार्गी म्हणून वेगळा गट काढला, पहिले दोन आठवडे टीव्हीवर दुसरा विषय नव्हता, आणि त्याच डिसेंबरात दुकान बंद. तर हे असं का झालं, नेते कच्चे होते की लोकांना मधला रस्ता नकोच होता?

मी इंग्लंडमध्ये गेली वीसेक वर्षं निवडणुकीचं काम करते, त्यातली निम्मी तरी इलेक्शन एजंट म्हणून. एजंट म्हणजे उमेदवाराचे फॉर्म, खर्चाच्या पावत्या, पत्रकं, माणसं हे सगळं जिच्या डोक्यावर असतं आणि हिशेब चुकला तर कायद्याने जिला पकडतात ती बाई. कुठल्या पक्षाचं काम करते ते सांगत नाही, त्याने वाचणाऱ्याचं मत आधीच बनतं. पण एवढं लक्षात ठेवा की हे सगळं मी दारोदार फिरणाऱ्यांच्या बाजूने बघितलंय, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे संसदेच्या, बाजूने नाही, त्यामुळे माझं उत्तरही तिकडेच झुकणार.

आधी काय घडलं ते पटकन सांगते. १८ फेब्रुवारी २०१९, सोमवार सकाळ, लंडनच्या काउंटी हॉलमध्ये लेबरच्या, म्हणजे आपल्या जुन्या पेपरांत ज्याला मजूर पक्ष म्हणायचे त्याच्या, सात खासदारांनी राजीनामे दिले: चुका उमुना, लुसियाना बर्जर, ख्रिस लेस्ली, अँजेला स्मिथ, माइक गेप्स, गॅविन शुकर आणि अ‍ॅन कॉफी. कारणं मुख्यतः दोन, ब्रेक्झिटवर, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्यावर, पक्षनेता कॉर्बिनचं चाललेलं तळ्यात-मळ्यात आणि पक्षात बोकाळलेला ज्यूद्वेष. बर्जर स्वतः ज्यू, तिला २०१८ च्या आपल्याच पक्षाच्या अधिवेशनात पोलीस संरक्षणात फिरावं लागलं होतं, त्यामुळे तिचं कारण खरं नाही असं म्हणायची तेव्हाही कुणाची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी जोन रायन आली आणि बुधवारी कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्षातून तिघी, अ‍ॅना सूब्री, सारा वोलास्टन आणि हायडी अ‍ॅलन. झाले ११. नाव ‘द इंडिपेंडंट ग्रुप’. यूगव्ह या सर्व्हे कंपनीच्या पहिल्या पोलमध्ये या गटाला एकदम १४ टक्के, लिबरल डेमोक्रॅट्स म्हणजे लिब डेम या आधीपासूनच्या मधल्या पक्षाच्या पुढे.

भारतातून बघणाऱ्याला पहिली शंका येते ती पक्षांतरबंदीची. तिकडे तसा कायदाच नाही. आपल्याकडे १९८५ ला दहावं परिशिष्ट आलं, २००३ ला त्यातली एक-तृतीयांश फुटीची पळवाट पण काढून टाकली, मग आता दोन-तृतीयांश आणि विलीनीकरण आणि कोर्टकचेऱ्या हे सगळं आपल्याला पाठ आहे. ब्रिटनमध्ये कागदावर मतदार माणूस निवडतो, पक्ष नाही. १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी तर मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापत नव्हते, नुसतं उमेदवाराचं नाव, पत्ता, व्यवसाय. त्यामुळे खासदाराने एक पत्र लिहायचं, व्हिप म्हणजे पक्षाची शिस्त सोडायची आणि सभागृहात दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचं, पद तसंच्या तसं.

पण कायद्यात नाही म्हणून लोक विचारायचं सोडत नाहीत ना. पहिल्या दिवसापासून ओरडा सुरू, राजीनामा द्या आणि पोटनिवडणूक लढा. उदाहरण ताजं होतं, २०१४ ला डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस हे दोघं कन्झर्व्हेटिव्ह सोडून युकिप या ब्रेक्झिटवाल्या पक्षात गेले तेव्हा दोघांनी खासदारकी सोडली, क्लॅक्टन आणि रॉचेस्टरमध्ये पुन्हा उभे राहिले आणि दोघंही निवडून आले. उलट १९८२ चं उदाहरण आहे, ब्रूस डग्लस-मान नावाचा लेबरचा खासदार एसडीपीत, म्हणजे १९८१ ला लेबरमधून फुटून निघालेल्या पक्षात (त्याचं पुढे सांगते), गेला, तत्त्व म्हणून राजीनामा दिला, मिचम अँड मॉर्डनला पोटनिवडणूक लढवली आणि हरला. त्या वेळी एसडीपीत गेलेल्या खासदारांत असा सभ्यपणा करणारा तो एकटाच. २०१९ च्या ११ जणांनी नाही म्हटलं, म्हणाले की लोकांना पोटनिवडणूक नको, ब्रेक्झिटवर दुसरं सार्वमत हवंय. माझं मत विचाराल तर हिशेब म्हणून बरोबरच होतं त्यांचं, कारण बहुतेक जण पडले असते. आणि ते पडले असते हे त्यांना स्वतःला माहीत होतं, इथेच सगळी मेख आहे.

माइक गेप्सचं बघा. इलफर्ड साउथ, पूर्व लंडन, १९९२ पासून तिथला खासदार. माणूस कष्टाळू, मतदारसंघात ओळखीचा, आपल्याकडच्या कितीतरी दक्षिण आशियाई कुटुंबांची व्हिसाची कामं त्याच्या ऑफिसातून गेलेली. २०१७ ला त्याला मतं किती, ४३,७२४, म्हणजे पडलेल्या मतांच्या ७५ टक्क्यांहून जास्त. २०१९ च्या डिसेंबरात तोच माणूस, तोच मतदारसंघ, नवीन पक्ष, मतं ३,८९१. ख्रिस लेस्ली, नॉटिंगहम ईस्ट, २८,१०२ वरून १,४४७, डिपॉझिट पण गेलं. तिकडे डिपॉझिट ५०० पौंडच असतं आणि वाचवायला ५ टक्के मतं पुरतात, तीही नाही मिळाली. आता मला सांगा, अडीच वर्षांत हे दोघं काय वाईट माणसं झाले का? ती ४३ हजार मतं गेप्सची नव्हतीच, त्याच्याकडे ठेवायला दिलेली होती. प्रत्येक खासदाराला वाटतं की निम्मी मतं तरी माझ्या तोंडाकडे बघून पडतात. मी ज्यांच्यासोबत काम केलंय त्यातल्या एकालाही हे वाटत नव्हतं असं झालं नाही.

आता ही मतं गोळा कशी होतात ते जरा जवळून सांगते, कारण टीव्हीवरच्या चर्चेत हे कधी येत नाही. वर्षभर, निवडणूक असो नसो, चार-पाच जण शनिवारी सकाळी आणि मधल्या वारी संध्याकाळी एका रस्त्यावर जातात, एकाच्या हातात बोर्डावर लावलेली मतदार यादी किंवा हल्ली फोनवर अ‍ॅप, बाकीचे दारं वाजवतात. दार उघडलं तर दोन मिनिटं बोलायचं आणि शेवटी नावापुढे खूण करायची, हा आमचा पक्का, हा आमच्याकडे झुकलेला, हा त्यांचा, हा सांगत नाही, ही बाई पोस्टाने मत देते, या घरात कुत्रा आहे हात आत घालू नका. हे दहा-दहा वर्षं साठत जातं आणि सगळं पक्षाच्या डेटाबेसमध्ये असतं. मतदानाच्या दिवशी सकाळी ७ ला केंद्र उघडलं की बाहेर आमचा माणूस खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्या मतदाराला नम्रपणे त्याचा यादीतला नंबर विचारतो, ते नंबर तासातासाला कुणाच्या तरी घराच्या हॉलमध्ये थाटलेल्या कमिटी रूमवर येतात, तिथे आमच्या पक्क्यांच्या यादीवर काट मारत जायचं आणि संध्याकाळी ५ नंतर जे उरले त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, अहो काकू मत द्यायचं राहिलंय, रात्री १० पर्यंत वेळ आहे. पाऊस असला तरी. पाऊस असतोच.

खासदार पक्ष सोडतो म्हणजे या सगळ्याचं काय होतं? लॉगिन बंद. त्याच दिवशी. दहा वर्षांचा डेटा पक्षाचा, त्याचा नाही. खासदार म्हणून लोकांची जी कामं केली, घराचं, सरकारी भत्त्याचं, व्हिसाचं, त्यांचे पत्ते असतात त्याच्याकडे पण ते प्रचाराला वापरता येत नाहीत, डेटा प्रोटेक्शनचा कायदा आड येतो. संसदेकडून ऑफिस चालवायला जे पैसे मिळतात तेही प्रचाराला चालत नाहीत. विरोधी पक्षांना जो सरकारी निधी मिळतो, ज्याला शॉर्ट मनी म्हणतात, तो मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष म्हणून किती जागा आणि मतं मिळाली यावर ठरतो, आणि २०१७ ला हा पक्ष जन्मालाच आला नव्हता, मग शून्य. आणि ते शनिवारी सकाळी येणारे चार-पाच जण? ते पक्षासोबत राहतात. त्यातले निम्मे तर खासदाराशी गेली तीन वर्षं बोलत नसतात.

मी स्वतः एकदा या खड्ड्यात पडलेय, म्हणून एवढ्या तळमळीने सांगतेय. बरीच वर्षं झाली. आमचा एक काउन्सिलर, म्हणजे नगरसेवक, तीन वेळा निवडून आलेला, एका बांधकामाच्या प्रकरणावरून लोकल पक्षाशी त्याचं वाजलं, चूक पक्षाचीच होती असं मला आजही वाटतं, आणि तो बाहेर पडला, मी पण त्याच्यामागे बाहेर पडले आणि अपक्ष म्हणून त्याची एजंट झाले. फॉर्मवर तेव्हा दहा मतदारांच्या सह्या लागायच्या, त्या एका संध्याकाळीत मिळाल्या, प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात तुझंच बरोबर आहे बाबा. आम्हाला वाटलं झालं, जिंकलो. मग पत्रकं छापून आली, वॉर्डात २८ रस्ते आणि वाटायला आम्ही पाच जण, त्यात एक त्याची बायको जी चिडलेली होती आणि एक त्याचा मेव्हणा ज्याचा गुडघा दुखत होता. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका आजींच्या दारात गेलो, तिच्या नवऱ्याच्या आजारपणात याने धावपळ करून त्यांना तळमजल्यावरचं घर मिळवून दिलं होतं. आजी एकदम खूश, म्हणाली सकाळीच जाऊन आले, तुलाच मत दिलं, नेहमीच्या चिन्हावर. नेहमीचं चिन्ह म्हणजे पक्षाचं. तो काही बोलला नाही, थँक्यू म्हणाला. फाटकातून बाहेर आल्यावर पण बराच वेळ काही बोलला नाही.

रात्री मोजणीला आम्ही टेबलासमोर उभे. तिकडे मोजणी हातानेच असते, पेट्या उघडून आधी नुसते कागद मोजतात आणि ते चालू असताना समोर उभं राहून घड्या उलगडताना दिसेल तेवढं टिपून घ्यायचं, अनुभव असला की वीस मिनिटांत निकाल कळतो. मला दहाच मिनिटं लागली. आम्ही तिसरे. मी दोन वर्षांनी तोंड पाडून पक्षात परत गेले, तो परत गेला नाही.

तर त्या ११ जणांकडे बघताना माझ्या डोळ्यासमोर त्या आजीच होत्या.

आता बाकीच्या चुका, आणि त्या पुष्कळ होत्या, पण मला त्या दुय्यम वाटतात. नावाचा घोळ तर विचारू नका. आधी द इंडिपेंडंट ग्रुप, ही म्हणे पक्ष नाही, नुसता गट, कागदोपत्री एक खासगी कंपनी, त्यामुळे देणगीदारांची नावं जाहीर करायचं बंधन नाही, आणि हे स्वच्छ राजकारण करायला निघालेले लोक, पेपरवाले सोडतील होय? मग युरोपियन निवडणुकीसाठी पक्ष नोंदवायची वेळ आली तेव्हा नाव ‘चेंज यूके – द इंडिपेंडंट ग्रुप’. त्यावर चेंज डॉट ऑर्ग या ऑनलाइन अर्जवाल्या साइटने हरकत घेतली. चिन्ह म्हणून जो काळा चौकोन आणि त्यात हॅशटॅग दिला तो निवडणूक आयोगाने नाकारला, म्हणून मतपत्रिकेवर बाकी सगळ्यांच्या नावापुढे चित्र आणि यांच्यापुढे कोरी जागा. ट्विटरचं हँडल बदललं तर जुनं सोडलेलं ब्रेक्झिटवाल्यांनीच उचललं. आणि जूनमध्ये तिसरं नाव, ‘द इंडिपेंडंट ग्रुप फॉर चेंज’. दहा महिन्यांत तीन बारशी. पोर ओळखणार कोण?

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे. खरी चूक तारखांची होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २ मे २०१९ ला इंग्लंडमध्ये लोकल काउन्सिलच्या मोठ्या निवडणुका होत्या, फॉर्म भरायची शेवटची तारीख ३ एप्रिल. या लोकांची पक्ष म्हणून नोंदणी झाली एप्रिलच्या मध्यात. म्हणजे लढणं शक्यच नव्हतं, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही कारण डोकं सगळं वेस्टमिन्स्टरमध्ये. २ मेला काय झालं? लोक दोन्ही मोठ्या पक्षांवर वैतागलेले होतेच, कन्झर्व्हेटिव्हनी १,३०० च्या वर काउन्सिलर गमावले, आणि लिब डेमना ७०० च्या आसपास जागा जास्त मिळाल्या. रात्रीतून चित्र पालटलं. ज्याला युरोपमध्ये राहायचंय आणि ज्याला कॉर्बिनही नको नि ब्रेक्झिटही नको त्या माणसाला आता ठिकाण कळलं, आणि ते ठिकाण जुनंच होतं, त्याच्या रस्त्यावर ज्यांची पत्रकं वर्षानुवर्षं पडतात तेच. फेब्रुवारीतला तो १४ टक्क्यांचा आकडा मे उजाडेपर्यंत लिब डेमच्या घरी गेला होता.

२३ मेला युरोपियन संसदेची निवडणूक. ही तरी प्रमाणशीर पद्धतीची, छोट्या पक्षाला सोयीची. पण प्रमाणशीर असली तरी ब्रिटनमध्ये ती प्रदेशवार असायची, एका प्रदेशात तीन ते दहा जागा, त्यामुळे तीन-चार टक्के मतांना काहीही मिळायचं नाही, ती वाया. इथे लिब डेम, ग्रीन आणि चेंज यूके यांनी एकत्र यादी द्यायला हवी होती असं बाहेरून सगळे ओरडत होते, पण एकत्र यादीसाठी एक नाव, एक नोंदणी, क्रमवारीत वर कोण खाली कोण हे ठरवावं लागतं, आणि नवीन पक्षाला वाटत होतं की आपण मोठे आहोत, साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी उमेदवारीला अर्ज केलेत. अहो, अर्ज करणारे हजारो असतात. दार वाजवणारे मोजा. निकाल, ब्रेक्झिट पार्टी साधारण ३० टक्के आणि २९ जागा, लिब डेम २० टक्क्यांच्या जवळ आणि १६ जागा, चेंज यूके ३ टक्क्यांच्या थोडं वर आणि जागा शून्य. सुमारे ५ लाख ७१ हजार मतं. स्कॉटलंडमध्ये तर यांच्या यादीतल्या पहिल्या उमेदवारानेच मतदानाच्या आधी लिब डेमना मत द्या म्हणून सांगून टाकलं होतं.

मग ४ जूनला ११ पैकी सहा जण निघून गेले. उमुना दहा दिवसांत लिब डेममध्ये.

‘मध्यममार्गी’ या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण प्रश्नात तो अर्धा भाग होता. या ११ जणांना एकत्र बांधणारं काय होतं? ब्रेक्झिट नको आणि आमचा नेता नको. ठीक आहे, पण ब्रेक्झिट नको ही काही मधली भूमिका नाही, ते एक टोक आहे, सभ्य भाषेत मांडलेलं असलं तरी टोकच. बाकी विषयांवर बघा, सूब्रीबाई कन्झर्व्हेटिव्ह सरकारच्या खर्चकपातीचं पहिल्याच आठवड्यात समर्थन करतात आणि शेजारी बसलेले लेबरवाले नऊ वर्षं त्याच कपातीविरुद्ध मतं मागत आलेले. दारात एखाद्याने विचारलं की माझ्या मुलीची लायब्ररी बंद झाली, तुमचं काय म्हणणं, तर कार्यकर्त्याने काय उत्तर द्यायचं? मतदार मधला असतो हे मला मान्य आहे, हजारो दारं वाजवून सांगते, पण तो सगळ्या विषयांवर मधला नसतो. तुरुंगाच्या शिक्षेबाबत कडक, रेल्वे सरकारी करा म्हणणारा, इमिग्रेशनवर कुरकुरणारा आणि हॉस्पिटलसाठी टॅक्स द्यायला तयार, असा एकच माणूस असतो. सर्व्हेमध्ये त्याची सरासरी काढली की तो मध्यममार्गी दिसतो आणि पुढारी त्या सरासरीसाठी पक्ष काढतात.

आता कुणी म्हणेल की १९८१ ला तर जमलं होतं. अर्धं जमलं होतं. तेव्हाचे चौघे, रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स, एकेक जण माजी मंत्री, जेन्किन्स तर गृहमंत्री, अर्थमंत्री आणि नंतर युरोपियन कमिशनचा अध्यक्ष राहिलेला. २५ जानेवारी १९८१ ला ओवेनच्या लाइमहाउसच्या घरातून जाहीरनामा काढला, मार्चमध्ये एसडीपी पक्ष. लेबरचे २८ खासदार आले आणि कन्झर्व्हेटिव्हचा एक. आणि त्यांनी एक गोष्ट बरोबर केली, लिबरल पक्षाशी सुरुवातीलाच आघाडी केली, जागा वाटून घेतल्या. कारण लिबरल लोकांकडे ते होतं जे यांच्याकडे नव्हतं, रस्त्यावरची माणसं, फुटपाथ तुटलाय दिवा गेलाय असल्या बातम्यांची पत्रकं दर महिन्याला टाकणारी. शर्ली विल्यम्सने नोव्हेंबर १९८१ मध्ये क्रॉस्बीची पोटनिवडणूक जिंकली, डिसेंबरात पोलमध्ये आघाडी ५० टक्क्यांवर. मग एप्रिल १९८२ ला फॉकलंडचं युद्ध सुरू झालं आणि कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान थॅचरबाई वर आल्या.

१९८३ चा निकाल तर प्रत्येक फुटू इच्छिणाऱ्याने देव्हाऱ्यात लावावा. लेबर २७.६ टक्के, जागा २०९. आघाडी २५.४ टक्के, जागा २३. त्यातल्या १७ लिबरलांच्या आणि एसडीपीच्या फक्त ६. दोन टक्क्यांचा फरक आणि जागा नऊपट. कारण लेबरची मतं खाणी, गिरण्या, बंदरं असलेल्या भागांत ढिगाने साठलेली आणि आघाडीची मतं देशभर पातळ वरणासारखी पसरलेली. सगळीकडे दुसरा नंबर. आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, या पद्धतीत दुसऱ्या नंबराला काही मिळत नाही. जे सहा एसडीपीवाले आले त्यातले बहुतेक असे, ज्यांनी स्वतःच्या मतदारसंघात स्वतःची माणसं बांधली होती. १९८८ ला बहुतेक जण लिबरलांमध्ये विलीन झाले, ओवेन हट्टाने वेगळा राहिला, आणि मे १९९० ला बूटलच्या पोटनिवडणुकीत त्याच्या उमेदवाराला १५५ मतं पडली तर मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी नावाच्या, हो, खरंच असा विदूषकी पक्ष आहे, त्यांच्या उमेदवाराला ४१८. दुसऱ्याच महिन्यात पक्ष गुंडाळला.

मॅक्रॉनचं काय, हेही लोक विचारतात. ते वेगळं प्रकरण आहे. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जातो आणि दोन फेऱ्या असतात. त्याने एप्रिल २०१६ ला आँ मार्श नावाचा पक्ष काढला, ऑगस्टमध्ये मंत्रिपद सोडलं, आणि पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत २४ टक्के मतं पुरली, दुसऱ्या फेरीत समोर कट्टर उजवी ल पेन, मग ६६ टक्के. ब्रिटनमध्ये २४ टक्क्यांना काय मिळतं ते वर सांगितलंच. शिवाय त्याने पक्ष काढल्या काढल्या उन्हाळ्यात पोरं-पोरी दारोदार पाठवल्या होत्या, नुसतं मतं मागायला नाही, प्रश्नावली घेऊन. मला त्याचं बाकी राजकारण फारसं पटत नाही पण हे काम मी टोपी काढून बघितलं होतं.

पुढे या ११ जणांचं काय झालं? १२ डिसेंबर २०१९ ला सार्वत्रिक निवडणूक, पक्षाच्या नावावर तिघंच उभे, सूब्री, लेस्ली आणि गेप्स, तिघांची मिळून मतं १०,००६. सूब्री ब्रॉक्सटोमधून, २०१७ ला ती ८६३ मतांनी आली होती, म्हणजे मुळातच काठावर, यावेळी ४,६६८. उमुना, बर्जर, स्मिथ आणि वोलास्टन लिब डेमच्या तिकिटावर लढले आणि चौघंही पडले. शुकर ल्यूटनमध्ये अपक्ष उभा राहिला आणि पडला. अ‍ॅलन, कॉफी, रायन उभ्याच राहिल्या नाहीत. ११ पैकी एकही सभागृहात परत आलं नाही, आणि आठवड्याभरात पक्ष बंद करत असल्याचं जाहीर झालं. ज्या ब्रेक्झिटसाठी सगळं केलं तो ३१ जानेवारी २०२० ला झाला.

मग सगळं फुकट गेलं का? मी तसं म्हणणार नाही. बर्जरच्या राजीनाम्याचा डाग लेबरला पुढची दोन-तीन वर्षं धुवावा लागला, कॉर्बिननंतर स्टार्मर नेता म्हणून आल्यावर पक्षाने तिची माफी मागितली आणि २०२३ ला ती परत आली. बाहेर पडणाऱ्याने जुन्या पक्षाला सरळ केलं असं कधीकधी होतं, एसडीपीच्या बाबतीतही लेबर नंतर बदलला तेव्हा हेच बोललं गेलं. पण ते नवीन पक्षाचं यश म्हणून कसं मोजायचं मला कळत नाही, आणि त्यासाठी पक्षच काढायला हवा होता का तेही.

लोक अजूनही अधूनमधून येतात माझ्याकडे, बहुतेक काउन्सिलर, एखादा मोठाही, पक्षात दम घुटतोय, बाहेर पडून काही मधलं, स्वच्छ असं करायचंय, तुझा अनुभव आहे, काय वाटतं. मी वाद घालत नाही. वही पुढे करते आणि म्हणते, फेब्रुवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी, पावसात, तुझ्यासाठी दारं वाजवायला जे नक्की येतील त्यांची नावं लिही, येऊ शकतील त्यांची नाही, येतील त्यांची. गेल्या वर्षी एकाने बराच वेळ पेन चावून नऊ नावं लिहिली. त्यातली चार त्याच्या घरातली होती आणि एक माझं होतं. ते मी खोडलं.